लाभ, दोन, तीन

अण्णांनी मला नोकरीवर ठेवलं ते माझ्या डिप्लोम्याकडे बघून नव्हे. मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी माझी फाईल उघडलीसुद्धा नाही. टेबलाच्या खणातून एक निळा यो-यो काढला, त्याची दोरी माझ्या मधल्या बोटात अडकवली आणि म्हणाले, "टाक खाली." मी टाकला. तो खाली गेला आणि तिथून जो उसळला तो थेट माझ्या कपाळावर. डोळ्यांसमोर काजवे चमकले. अण्णा मात्र एकदम खूश. केबिनकडे तोंड करून मुलाला ओरडून म्हणाले, "हिला ठेव रे! हिला नाद लागायचा नाय. काम करील!"

कपाळावर टेंगूळ घेऊन मी घरी गेले आणि नोकरी लागल्याचं सांगितलं. आईला आधी टेंगूळ दिसलं, नोकरी नंतर.

नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत अण्णांचा गाळा होता, अजूनही आहे. आत दोन सीएनसी लेथ, कोपऱ्यात एक जुना हातानं चालवायचा लेथ, आणि कूलंटचा असा वास की घरी जाऊन दोनदा साबण लावला तरी केसांतून जात नाही. मोठ्या कंपन्या ड्रॉइंग पाठवत, आम्ही त्यांना गाड्यांचे बुश आणि पिना करून देत असू. मी क्वालिटीला होते. व्हर्निअर घेऊन दिवसभर तीच ती मापं घ्यायची, कंटाळा म्हणून म्हणायचं नाही. पण दुपारच्या चहानंतर दुसऱ्या लेथवर अण्णांचं स्वतःचं काम लागे आणि गाळ्याची हवाच बदलून जाई. साठी उलटलेला, पांढऱ्या मिशांचा, सायखेड्याच्या शेतकऱ्याचा हा मुलगा यो-यो बनवत असे.

जत्रेतला प्लास्टिकचा नव्हे. ॲल्युमिनियमच्या बारमधून कोरून काढलेल्या दोन वाट्या, मध्ये बारीकसा धुरा आणि धुऱ्यावर बेअरिंग. नीट टाकला तर तो दोरीच्या टोकाशी जागच्या जागी फिरत राहतो, थरथरत नाही, आवाज करत नाही. खेळणारी मुलं त्याला 'स्लीप' म्हणतात. अण्णा म्हणत, "झोपला." प्रत्येक नग ते स्वतः टाकून बघत, आणि तो गुमान फिरायला लागला की लेथच्या खडखडाटात उभं राहून आम्हाला दटावत, "हळू बोला जरा, झोपलाय!"

हा नाद त्यांना लागला तो कुठल्याशा कंपनीनं परत पाठवलेल्या पुल्यांपायी. माल रिजेक्ट झालेला, त्यात वीज गेलेली, सगळे हातावर हात ठेवून बसलेले. अण्णांनी दोन छोट्या पुल्या पाठीला पाठ लावून बोल्टनं जोडल्या, मध्ये सुतळी बांधली आणि खाली सोडल्या. त्या वर आल्या. "पोरी, परत आलेला माल मी जन्मभर पाह्यला," ते मला सांगत. "पण आपण सोडलेला आन् आपसूक हातात परत आलेला असा हा पहिलाच."

तेव्हापासून ते वर्षाला एखादा लॉट करू लागले. पहिला एकवीस नगांचा, मग एकावन्नाचा. आपल्या देशात या खेळाचे वेडे किती असणार असं मला वाटायचं, पण जे आहेत ते पक्के वेडे. लॉट निघाला की दोन दिवसांत संपे आणि मागून फोन येत राहत, आणखी करा म्हणून. अण्णा करत नसत. एक मॉडेल झालं की झालं.

"अवो, गेल्या सालची द्राक्षं आता मागितली तर देईल का कोणी?" ते फोनवर समजावत. "पुढचा बहार येऊ द्या."

मुलगा त्यांना म्हणे, "अण्णा, मागणी आहे तर जास्त काढा, नाहीतर भाव तरी वाढवा. मार्केटिंगमध्ये याला टंचाईचं तंत्र म्हणतात." मुलगा इंजिनिअर, त्यावर एमबीए, स्वभावानं सज्जन आणि सदा घाईत. आम्ही त्याला धाकटे साहेब म्हणत असू.

"टंचाई काय मुद्दाम करायची असती का?" अण्णा विचारत. "जास्त पिकलं का भाव पडतो. कमी पिकलं का माणूस माजतो. आपण मधलं पिकवायचं."

हे मधलं म्हणजे नेमकं किती, याचं त्यांचं गणित जगावेगळं होतं. जेवढ्या माणसांची नावं ध्यानात राहतील तेवढेच नग. मी याची चेष्टा करायची. जेवताना अचानक विचारायची, "अण्णा, तो जांभळा कुठे गेला?" घास हातात धरून ते सांगत, "इंदूरला. बँकेत हाय तो गडी. बायको रागावती म्हणून गच्चीत खेळतो." आणि हे खरं असे, कारण ते या लोकांना स्वतः फोन करत. सणावाराला नव्हे, असाच मनात आलं की. "बेअरिंगला तेल घातलं का? गोडं तेल नका घालू हां, मागं कुणीतरी घातलं होतं." एखाद्यानं घेतलेला यो-यो दुप्पट किमतीला विकला असं कळलं, तर त्यांचं दोन दिवस जेवणात लक्ष नसे. "स्थळ बघून दिलं होतं गं," असं म्हणत.

स्थळ बघणं ही थट्टा नव्हती. नवीन गिऱ्हाइकाचा फोन आला की अण्णा खुर्ची ओढून ऐसपैस बसत आणि चौकशी सुरू होई. कुठले, काय करता, घरात कोण कोण, खेळणार की कपाटात ठेवणार? कपाटाचं नाव निघालं की स्थळ बाद. एका डॉक्टरनं फोनवर सांगितलं, मी तो काचेच्या पेटीत ठेवीन, रोज पुसून घेईन. अण्णा हात जोडून म्हणाले, "साहेब, तुमी माणूस लय चांगले, पण आमचा नांदायचा नाय तुमच्याकडं."

त्यांच्या वेडेपणाचा दुसरा भाग म्हणजे मोजणी. मोजताना अण्णा आयुष्यात कधी 'एक' म्हणाले नाहीत. धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची आपल्याकडे चाल आहे, ती पुष्कळांना ठाऊक असते. पण ती खळ्यावर. अण्णा नट-बोल्टही तसेच मोजत. "लाभ, दोन, तीन, चार..." पोळ्या तशाच. रिक्षातली माणसं तशीच. मी एकदा त्यांच्या घरी जेवायला गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "लग्नानंतर मला वाटलं, यांच्या आधीच्या कुण्या ओळखीच्या बाईचं नाव लाभा आहे. दर चपातीला तिची आठवण काढतात."

का म्हणून विचारलं तर उत्तर दर वेळी निराळं. मला सांगितलं, सुरुवात फायद्यानं करावी. गाळ्यातल्या वेल्डरला सांगितलं, एकाला नजर लागते. धाकट्या साहेबांना एवढंच, "माझा बाप म्हणायचा." आणि मोजून झालं की शेवटी थोडं जास्तीचं घालायचं, त्याला ते 'वर' म्हणत. पावशेर मिरच्या घेतल्यावर भाजीवाली दोन मिरच्या वर टाकते तसं. वर घातल्याशिवाय माप पुरं होत नाही, हा त्यांचा धर्म. कामगारांना दिवाळीची मिठाई देतानासुद्धा बॉक्सवर दोन पेढे सुटे ठेवलेले असत. आम्हाला या सगळ्याची इतकी सवय झाली होती की त्यात काही विशेष आहे हे आम्ही विसरूनच गेलो होतो, आणि तिथंच सगळे फसलो.

झालं असं की जॉबवर्क वाढलं. धाकट्या साहेबांना दुसरा लेथ पूर्णवेळ पिनांसाठी हवा होता. त्यांचंही चूक नव्हतं, कंपन्या काही कुणाच्या खेळासाठी थांबत नाहीत. त्याच सुमारास पुण्याहून एका बाईंचा फोन आला. त्या ऑनलाइन यो-यो विकत, परदेशी नामांकित ठेवत, आणि त्यांना अण्णांचा एक अख्खा लॉट हवा होता. शंभर नग. धाकट्या साहेबांनी मध्यम मार्ग काढला. "अण्णा, हा लॉट नीट गेला, बाई खूश झाल्या, तर यो-यो चालू. यात काही घोळ झाला, तर लेथ माझा. पुन्हा विषय नाही."

अण्णांनी लगेच हात पुढे केला. "ठरलं."

त्या संध्याकाळी ते माझ्याजवळ मात्र बोलले. मी पिना मोजत होते, ते शेजारच्या स्टुलावर येऊन बसले. "आख्खी हयात दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर काम केलं. लाखानी पिना गेल्या इथून. पण पिन घेतल्यावर कुणी फोन केला का कधी, का अण्णा, तुमची पिन लय छान फिरती? हे येवढं येकच..." इथं ते अडखळले, कारण तोंडातून नको तो आकडा निघाला होता. "हे येवढंच माझं हाय," असं म्हणून ते उठले. मी पिना पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

पुण्याच्या बाईंच्या अटी होत्या. वयानं त्या तिशीच्या आसपासच्या, बोलणं साखरेसारखं, पण शब्दाला पक्क्या. "अण्णा, प्रत्येक नगावर नंबर कोरून हवा. म्हणजे घेणाऱ्याला खात्री पटते की जगात हे शंभरच आहेत. आणि नंबर देवनागरीत असू द्यात, छान दिसतं." अण्णांना कल्पना फार आवडली. नंबर घालायची त्यांची ही पहिलीच वेळ. बाईंनी जाहिरात केली, शंभरच्या शंभर नग आधीच बुक झाले. एक नंबरचा नग चेन्नईच्या एका माणसानं घेतला. तो म्हणे सगळ्या कंपन्यांचे फक्त एक नंबरच जमवतो. हे मला बाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं, अण्णांना सांगू नये, हे स्थळ त्यांनी बाद केलं असतं.

लॉट निघाला तो अप्रतिम. आमच्या लेथनं इतकं सुबक काम आधी केलं नव्हतं. रंग पिकलेल्या डाळिंबाचा. मी मापं तपासली, एकही नग इकडचा तिकडे नाही. मग माझा साखरपुडा होता म्हणून मी चार दिवस रजेवर गेले. नंबर कोरायचं लेझरचं काम शेजारच्या गल्लीत होतं, तिथं अण्णा स्वतः जाऊन बसले. खोकीही त्यांनीच भरली, चिकटपट्टी त्यांनीच लावली. कुणाला हात लावू दिला नाही.

बाईंनी ठरवलं होतं की खोकं सगळ्यांच्या देखत उघडायचं, मोबाईलवर, थेट. मी रजेवरून परतले त्याच दिवशी ते होतं. चहाच्या सुट्टीत आम्ही सगळे केबिनमध्ये जमलो, मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. अण्णांनी धुतलेला सदरा घातला होता, मिशा विंचरल्या होत्या. समोर बाईंनी चिकटपट्टी कापली, कागद बाजूला केला आणि म्हणाल्या, "आणि आता बघू या मानाचा एक नंबर!"

नग उचलला. फिरवून बघितला. पुन्हा फिरवला.

"यावर... 'लाभ' लिहिलंय," त्या म्हणाल्या.

अण्णांनी टाळी वाजवली.

धाकट्या साहेबांनी सावकाश मान वळवली. "अण्णा, एक कुठाय?"

"हा काय! तिच्या हातात हाय की!"

पुढे दोन निघाला, तीन निघाला, सगळे ओळीनं शंभरपर्यंत निघाले. बाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत येत होता, तेवढ्यात त्यांना तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं आणखी काही लागलं. उलगडलं तर आणखी पाच यो-यो. त्यांच्यावर आकडा नव्हता, पाचही नगांवर एकच शब्द कोरलेला.

"वर," बाईंनी वाचलं. "वर म्हणजे... नवरा?"

मोबाईलवर बघणाऱ्यांचे शेरे धबधब्यासारखे पडायला लागले. कुणी लिहिलं, लाभ झाला, आता वरही मिळाले, मुहूर्त कधीचा? कुणी लिहिलं, जगात शंभरच म्हणाला होतात ना, मग हे एकशेपाच कसे? एक नंबर कुणी ढापला? बाईंनी हसून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला आणि मग व्हिडिओ बंदच झाला.

मला हसू येत होतं आणि त्याच वेळी अण्णांकडे बघवत नव्हतं. धाकटे साहेब म्हणाले, "आपलं ठरलं होतं, अण्णा."

"ठरलं होतं," अण्णा म्हणाले, आणि उठून स्वतःच्या हातानं दुसऱ्या लेथवर पिनांचा बार चढवला.

त्यानंतरचे दिवस मला आठवले तरी नको वाटतं. चहानंतर गाळ्यात नुसत्या पिना. अण्णा वाद घालत नव्हते, कुरकुरत नव्हते, आणि तेच वाईट होतं. खणातला निळा यो-यो त्यांनी बाहेर काढला नाही. एकदाच त्यांना राग आलेला बघितला. बाईंचा फोन होता, स्पीकरवर. त्या म्हणाल्या, "अण्णा, मला लोकांचा विश्वास जपायचाय. ते जास्तीचे पाच नग मी परत पाठवते, तुम्ही हातोड्यानं फोडा आणि तसा व्हिडिओ मला पाठवा. म्हणजे शंभराचा शब्द राहील."

"फोडू?" अण्णांचा आवाज चढला. "वर घातलेलं फोडू? बाई, तुमच्याकडं मापात वर घालत नायत का?"

"मला काहीच कळत नाहीये तुम्ही काय म्हणताय," बाई म्हणाल्या, आणि त्या खरंच रडकुंडीला आल्या होत्या. "मी नाशिकला येते. समोरासमोरच बोलू."

त्या आल्या त्या दिवशी सायखेड्याहून गहू आला होता. दरवर्षी स्वतःच्या शेतातला गहू अण्णा गाळ्यातल्या सगळ्यांना मापून देत. दारातच ताडपत्री अंथरलेली, अण्णा मांडी घालून बसलेले, हातात धान्य मापायची, वडिलांच्या वेळची लोखंडी पायली. धाकटे साहेब पोत्याचं तोंड धरून उभे. आम्ही पिशव्या घेऊन रांगेत. बाई गाडीतून उतरल्या, खांद्याला बॅग, चेहरा ठाम. "अण्णा, मी..."

अण्णांनी हात वर करून त्यांना थांबवलं. माप चालू असताना मध्ये बोलायचं नसतं. त्यांनी पायली बुडवली, हातानं शीग चढवली आणि माझ्या पिशवीत ओतली.

"लाभ," ते म्हणाले. मग, "दोन. तीन. चार."

माझा वाटा पुरा झाला. अण्णांनी दोन्ही हातांची ओंजळ भरली आणि पिशवीत वरून सोडली. "वर," ते म्हणाले. मग वेल्डरची पिशवी आली. लाभ, दोन, तीन, चार, आणि ओंजळ. मग पुढच्याची. बाई बॅग छातीशी धरून उभ्या होत्या. तिसऱ्या पिशवीला मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांचे ओठ हलत होते. त्या मनात मोजत होत्या. ओंजळ पडल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

रांग संपल्यावर अण्णा पायली बाजूला ठेवून म्हणाले, "हां, बोला आता."

"काय बोलू?" बाई म्हणाल्या. "पण अण्णा, मी जाहिरातीत शंभर लिहिलं होतं हो."

"शंभरच दिलेत. तुमचं वर लिहायचं राह्यलं."

"बरं, मग वर किती ते तरी आधी सांगत चला!"

"ते आधी कसं सांगणार? माप भरताना हाताला कळतं ते."

बाई हसायला लागल्या. आधी आवरून, मग मोठ्यानं, मग ताडपत्रीच्या काठावर चक्क बसून. पाच नग त्यांनी परत आणले होते. अण्णांनी ते घेतले नाहीत. "वर दिलेलं माघारी घेत नसत्यात. ज्यांचा नंबर लागला नाय त्यांना देऊन टाका. इकू नका फक्त."

जाताना बाईंच्या हातातही गव्हाची पिशवी होती. धाकट्या साहेबांनीच ती गाडीपर्यंत नेली.

पुण्याला जाऊन बाईंनी पुन्हा एक व्हिडिओ केला. फसवणूक वगैरे काही नाही, नाशिकच्या अण्णांचं माप असं असतं, एवढं साधं सांगितलं आणि ज्याला पटणार नाही त्यानं नग परत पाठवावा म्हणाल्या. आम्ही रोज बाईंच्या फोनची वाट बघत होतो. शंभरातला परत आला फक्त चेन्नईचा. त्या गृहस्थाला एक नंबरच हवा होता, लाभ नको होता. बाकीच्यांनी आपापले ठेवून घेतले आणि वर विचारलं, पुढचा लॉट कधी? बाईंनी नवी जाहिरातच लिहून पाठवली: नग शंभर. वर किती, ते माप भरताना ठरेल.

अण्णांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि पुन्हा पिनांकडे वळले, कारण शब्द म्हणजे शब्द. लेथ मुलाचा होता. तीन-चार दिवसांनी धाकटे साहेब केबिनमध्ये आले. मी तिथं रिपोर्ट टाईप करत होते. त्यांनी उगाचच दोन कागद इकडचे तिकडे केले आणि बापाकडे न बघता म्हणाले, "ॲल्युमिनियमचा बार मागवतोय. शंभराचा ना?"

अण्णांनी वर बघितलं. "हं."

साहेब दारापर्यंत गेले आणि तिथं थांबले. "आणि वरचा किती धरू?"

अण्णांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तो बराच वेळ पुसत राहिले. मी चहाचं निमित्त करून बाहेर आले आणि वेल्डरच्या पाठीत एक धपाटा घातला, कारण आनंदानं काय करावं ते मला सुचत नव्हतं.

चेन्नईहून परत आलेला तो लाभ अण्णांनी केबिनमध्ये देवाच्या फोटोखाली ठेवला. पूजेला नव्हे. रोज चहानंतर ते त्याच्याशी खेळत. गोष्ट सगळीकडे पसरली होती आणि जमवणाऱ्यांना आता लाभच हवा होता, कारण जगात तो तेवढाच. माणसं म्हणाल ती किंमत द्यायला तयार होती. अण्णा चौकशीसुद्धा करत नसत. "माघारी आलेला लाभ इकायचा नसतो," एवढं म्हणून फोन ठेवत. मी म्हणायची, अण्णा, निदान जपून तरी वापरा, फरशीवर आपटून केवढे ओरखडे पडलेत. ते म्हणत, "पडू दे. म्हंजे कपाटवाल्यांचा जीव तुटायचा थांबल."

मग माझं लग्न झालं, दोन वर्षांनी मुलगी झाली. बारशाला अण्णा आणि काकू आले. घर बायकांनी भरलेलं, पाळणा फुलांनी सजवलेला. माझ्या चुलत सासूबाई कुणालातरी सांगत होत्या, "मुलगी आहे. एकच झालीये अजून, बघू पुढच्या वेळी." बोलणं फार वाईट हेतूचं नव्हतं, पण बाळंतपणानंतर बाईचं मन हळवं असतं. माझे डोळे भरून आले.

अण्णा पुरुषांच्या खोलीतून तसेच उठून आले. वाकून पाळण्यात बघितलं. बाळ झोपलं होतं. त्यांनी ओठांवर बोट ठेवून सगळ्या बायकांना दटावलं, "हळू बोला जरा, झोपलीय." मग खिशातून तो डाळिंबी यो-यो काढला, ओरखड्यांनी भरलेला, आणि पाळण्याच्या दांडीला दोरीनं बांधला.

"लाभ," ते म्हणाले, जरा मोठ्यानंच, चुलत सासूबाईंकडे बघून. कुणाला काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडले, तेही हसत हसत.

आता मी नोकरी सोडली आहे, गंगापूर रोडला राहते. अण्णांचा गाळा जोरात आहे. मुलगी बालवाडीत जाते. यो-यो तिचा आहे, दोरी मीच बदलून देते. तो कपाळावर आपटून घेण्यात तिनं माझा गुण उचललाय. अण्णा महिन्यातून एकदा तरी फोन करून विचारतात, "तेल घातलं का?"

मागच्या आठवड्यात तिच्या बालवाडीतल्या बाईंनी मला थांबवून घेतलं. काळजीनं म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे तुमची. वीसपर्यंत म्हणते. पण सुरुवातीला एक म्हणतच नाही हो. लाभ, दोन, तीन म्हणते. मी विचारलं, एक कुठे गेला, तर म्हणते, एक नसतोच. हे घरी जरा सुधारून घ्या."

मी घरी येऊन अण्णांना फोन लावला. मला वाटलं होतं ते गडगडाट करून हसतील. हसले, पण मग थांबले.

"अण्णा," मी म्हटलं, "आता तरी खरं सांगा. एक का नाही म्हणायचं? बाईंना काय सांगू?"

"बाप माझा म्हणायचा," ते म्हणाले, "एक म्हणलं का ते एकटं वाटतं गं. येवढ्या मोठ्या ढिगातून पह्यलंच माप उचलायचं, आन् त्यालाच एकटं म्हणायचं? म्हणून लाभ." मग लगेच त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "आन् काय गं, त्या बाईंचा हात कसाय? खेळतील का? बघ विचारून. ह्या लॉटला वरचे सात निघालेत."